अपडेटचा इतिहास: ठिगळापासून निळ्या पडद्यापर्यंत

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला कॉम्प्युटरच्या अपडेटशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर नाही. मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवली. पण एखादी गोष्ट खरी मानायची ती कशाच्या बळावर, आणि ते मानण्याचा निर्णय कुणी घ्यायचा, हा ज्ञानमीमांसेतला जुना प्रश्न आहे. तो आज तुमच्या आमच्या टेबलावर, रात्री दोन वाजता, आपण झोपलेले असताना सोडवला जातो. म्हणून हा विषय घेतला. तांत्रिक भाग मी शक्य तेवढ्या साध्या भाषेत सांगेन. सभागृहात जी तरुण मंडळी या क्षेत्रात काम करतात त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

तारीख १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं आपल्या ग्राहकांच्या विंडोज कॉम्प्युटर्सना एक छोटी फाइल पाठवली. ती ज्या यंत्रांवर पोहोचली ती यंत्रं निळा पडदा दाखवून बंद पडली, आपोआप पुन्हा सुरू झाली, पुन्हा निळा पडदा. असं चक्र. मायक्रोसॉफ्टनं दुसऱ्या दिवशी अंदाज दिला तो ८५ लाख यंत्रांचा. आणि हे जगातल्या एकूण विंडोज यंत्रांच्या १ टक्क्याहूनही कमी! पण हा एक टक्का कुठे बसला होता ते बघा. विमानतळावर, बँकेत, इस्पितळात, अमेरिकेतल्या काही राज्यांच्या आपत्कालीन फोनसेवेत. उत्तर जर्मनीत ल्युबेक आणि कील इथल्या विद्यापीठ रुग्णालयानं तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांना रुग्णांची नोंद उघडता येईना. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, बेंगळुरूच्या विमानतळांवर रांगा लागल्या, आणि इंडिगोनं हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्यातल्या एकाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. बॉलपेननं लिहिलेलं नाव आणि सीट नंबर. आपल्या बँकांची मोठी पडझड झाली नाही. रिझर्व्ह बँकेनं त्याच दिवशी सांगितलं, की दहा बँका आणि बिगर-बँक वित्तसंस्थांनाच किरकोळ अडथळा आला.

आता एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो, कारण त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी “विंडोजचं अपडेट बिघडलं” असं छापून आलं. ते अपडेट मायक्रोसॉफ्टचं नव्हतं. पण जिथे ते जाऊन बसलं ती जागा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा होता. या गाभ्याला कर्नल म्हणतात. लष्करातला कर्नल नव्हे, तरी हुकूम त्याचाच चालतो. तिथे बाहेरच्या माणसाला जागा कशी मिळाली, ही एक वेगळीच कथा आहे. तिच्याकडे येऊ. आधी मागे जाऊ.

अपडेटला तांत्रिक लोक अजूनही पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आपल्याला वाटतं ही उपमा असेल. नाही, ते खरोखरचं ठिगळ होतं. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात मार्क वन नावाचं यंत्र चालू झालं, आयबीएमनं बांधलेलं. त्याला द्यायच्या सूचना कागदी पट्टीवर भोकं पाडून दिल्या जात. चुकीच्या जागी भोक पडलं तर? त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा, भोक बुजवायचं. अशी ठिगळं लावलेली मार्क वनची पट्टी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९४७ साली मार्क टू या पुढच्या यंत्रात सापडलेला पतंग, तो ‘बग’वाला, सगळ्यांना ठाऊक असतो. बिचारं ठिगळ मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मते पतंगापेक्षा ठिगळ महत्त्वाचं आहे. पतंग अपघातानं शिरला होता. ठिगळ माणसानं विचार करून लावलं होतं.

त्या प्रसंगाकडे नीट बघा. चूक शोधणारा, ठिगळ लावणारा, आणि लावल्यावर यंत्र पुन्हा चालवून बघणारा हे सगळे एकाच खोलीत. बहुतेक वेळा एकच माणूस. ठिगळ चुकलं तर त्याला लगेच कळणार, आणि सोडवायलाही तोच समोर उभा. निर्णय, परिणाम आणि दुरुस्ती, तिन्ही एका हाताच्या अंतरावर. पुढच्या ऐंशी वर्षांत या तीन गोष्टी एकमेकींपासून कशा दूर गेल्या, हे मला आज सांगायचं आहे.

मधली वर्षं भरभर ओलांडतो. मोठ्या यंत्रांच्या काळात कंपनी टेप पाठवायची, आणि संगणक केंद्राचा प्रमुख ठरवायचा, की या महिन्यात लावायची की पुढच्या. पण यंत्रं तारेनं एकमेकांना जोडली गेली आणि ठिगळाचा स्वभाव बदलला.

याचं पहिलं मोठं उदाहरण टेलिफोनचं आहे. १५ जानेवारी १९९०, अमेरिका. एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे कॉल ११४ मोठ्या एक्स्चेंजमधून जात. डिसेंबर १९८९ मध्ये त्या सगळ्यांवर नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. कशासाठी? तर बिघाड झाल्यावर एक्स्चेंज लवकर सावरावं म्हणून! महिनाभर सगळं ठीक चाललं. मग त्या सोमवारी दुपारी न्यूयॉर्कमधलं एक एक्स्चेंज किरकोळ कारणानं अडखळलं. त्यानं काही सेकंद काम थांबवलं, स्वतःला सावरलं, आणि शेजाऱ्यांना कळवलं की मी परत आलोय. हा निरोप नोंदवत असतानाच त्याच्याकडून लगोलग दुसरा निरोप आला, की नव्या सॉफ्टवेअरमधली एक चुकीची ओळ शेजाऱ्याला गोंधळात टाकत असे. मग तोही थांबायचा, सावरायचा, आणि आपल्या शेजाऱ्यांना कळवायचा की मी परत आलोय. म्हणजे “मी बरा झालो” हा निरोपच साथीसारखा पसरला. सुमारे नऊ तास निम्मे कॉल लागत नव्हते.

एखादं एक्स्चेंज बिघडलं तर बाकीच्यांनी भार उचलायचा, अशी ती व्यवस्था होती. पण सगळ्यांच्या पोटात एकच सॉफ्टवेअर, म्हणून एकच दोष. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गावभर एकच वाण लावलं की रोगही गावभर एकच. इथे मात्र अजून एक गोष्ट शाबूत होती. यंत्रं कंपनीची, सॉफ्टवेअर कंपनीचं, आणि निस्तरणारे इंजिनिअरही कंपनीचेच. चुकणारा आणि निस्तरणारा एकाच घरातले.

आता २००३ सालाकडे येऊ. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष हेच. २५ जानेवारीला स्लॅमर नावाचा किडा, म्हणजे आपला आपण पसरणारा प्रोग्रॅम, काही मिनिटांत जगभर पसरला. त्यावरचं ठिगळ सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच उपलब्ध होतं. ११ ऑगस्टला ब्लास्टर आला. त्यावरचं ठिगळ १६ जुलैला निघालं होतं. औषध दुकानात होतं, लोकांनी घेतलंच नव्हतं. आणि का घ्यावं? अपडेट म्हणजे काय हेच बहुतेकांना माहीत नव्हतं, इंटरनेट फोनच्या वायरीतून खुरडत यायचं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना भीती होती की अपडेट घातलं आणि ऑफिसचा हिशोबाचा प्रोग्रॅम बंद पडला तर! ही भीती अडाणीपणाची नव्हती, अनुभवाची होती.

मायक्रोसॉफ्टनं यावर दोन उत्तरं काढली. एक, ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठिगळांचा गठ्ठा एकदम द्यायचा, म्हणजे ऑफिसातल्या लोकांना तयारीला वेळ मिळेल. दोन, ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला, त्यात आपोआप अपडेट चालू ठेवा असा आग्रह धरला गेला. २०१५ च्या विंडोज १० मध्ये तर घरगुती ग्राहकाला अपडेट नाकारायची साधी सोयच उरली नाही. फार तर थोडं पुढे ढकला.

मी या बदलाला सरसकट नावं ठेवणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला तेव्हा त्यावरचं ठिगळ दोन महिने आधी निघालेलं होतं, तरी इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या ८० च्या आसपास ट्रस्टना त्याचा फटका बसला. अपडेट न घेणाऱ्याचं नुकसान त्याच्यापुरतं राहत नाही. त्याचं यंत्र दुसऱ्यावर हल्ला करतं. देवीच्या लसीच्या वेळी असाच वाद झाला होता: माझ्या दंडावर काय टोचायचं हे सरकार कोण ठरवणार? तर, शेजाऱ्याला लागण होऊ नये म्हणून. युक्तिवाद मजबूत आहे. निर्णय यंत्राच्या मालकाकडून दूरच्या केंद्राकडे गेला तो अशा मजबूत युक्तिवादावर गेला, कुणी कट करून नेला नाही.

पण मग त्याच साली, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या. याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरपासून झाली. एम.ई.डॉक त्याचं नाव. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेटमध्येच विष कालवलं. म्हणजे ज्यांनी शहाण्यासारखं अपडेट घेतलं ते आधी बुडाले! तिथून ते मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरलं, आणि तिच्या समूहातर्फे चालवलं जाणारं आपल्या न्हावा शेव्यातलं, जेएनपीटीमधलं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. कीव्हमधल्या हिशोबनीसाचं अपडेट, आणि उरणच्या रस्त्यावर ट्रेलरवाल्यांचा खोळंबा. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं, की दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी पुन्हा उभे करावे लागले. त्यांच्या जाळ्याची एक अत्यावश्यक प्रत फक्त घानाच्या ऑफिसात वाचली होती, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगनं कुणाचं भलं केल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

हा झाला दुष्टाव्याचा प्रकार. साधी चूकही पुरते. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं सहामाही अपडेट आलं, आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्सच्या फाइली नाहीशा झाल्या. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टनं ते थांबवलं आणि नोव्हेंबरच्या मध्यावर दुरुस्त करून पुन्हा दिलं. तक्रारींचं प्रमाण कंपनीच्या म्हणण्यानुसार ०.०१ टक्का होतं. आकडा लहान आहे. पण ज्याचा प्रबंध गेला त्याच्यासाठी तो शंभर टक्के असतो. यातली बोचणारी गोष्ट निराळी. अपडेट सगळ्यांना देण्याआधी स्वयंसेवक परीक्षकांना दिलं जातं. त्यांच्यापैकी काहींनी फाइली गेल्याचं आधीच कळवलं होतं. पण तक्रारींना मतं मिळतात त्या क्रमानं त्या वर येत, आणि या तक्रारीला मतं कमी मिळाली. किती लोकांनी सांगितलं हे मोजलं गेलं. काय सांगितलं याचं वजन केलं गेलं नाही. नंतर किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय त्यांनी केली.

आता मघाची राहिलेली कथा. गाभ्यात बाहेरचा माणूस कसा? ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दोन पातळ्या असतात. वरच्या पातळीवर तुमचे आमचे प्रोग्रॅम. त्यातला एक कोसळला तर तो एकटा कोसळतो. गाभ्यात चूक झाली तर मात्र सगळं यंत्र स्वतःहून थांबतं, कारण पुढे चालत राहणं जास्त धोक्याचं. निळा पडदा म्हणजे ते थांबणं. व्हायरस पकडणाऱ्या कंपन्यांना गाभ्यात जागा हवी असते, कारण चोर तिथपर्यंत पोचतो तर पहारेकरीही तिथेच हवा. २००६ मध्ये व्हिस्टाच्या ६४ बिटी आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं गाभ्याला कुंपण घातलं. सिमँटेक आणि मॅकॅफी या कंपन्यांनी आरडाओरडा केला: तुम्ही स्वतः सुरक्षा सॉफ्टवेअर विकता आणि आम्हाला बाहेर ठेवता! युरोपीय आयोगही लक्ष ठेवून होता. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आयोगाला लिहून दिलं, की आमच्या सुरक्षा उत्पादनांना जे दरवाजे उघडे असतील तेच इतरांनाही असतील. २०२४ च्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टकडून या वचनाकडे बोट दाखवलं गेलं. मला हा बचाव अर्धवट वाटतो. वचन समान वागणुकीचं होतं. सगळ्यांना आत घ्या असं त्यात नव्हतं. स्वतः बाहेर येऊन सगळ्यांना बाहेर ठेवायला कुणाची ना नव्हती. ॲपलनं २०१९ पासून इतरांना गाभ्याबाहेर काढायला सुरुवात केलीच.

आणि पहारेकऱ्यानंच घर पाडल्याचं उदाहरण आधी घडलेलंही होतं. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या रोजच्या अपडेटनं विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही स्वतःची, अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून उचलली. यंत्रं पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली. अमेरिकेत इस्पितळं अडली, ऑस्ट्रेलियात कोल्सची काही दुकानं बंद ठेवावी लागली. दुरुस्ती? यंत्रापाशी जाऊन, हातानं. त्या वेळी मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कुर्ट्झ. तेच पुढे क्राउडस्ट्राइकचे संस्थापक आणि प्रमुख. यावरून त्यांची खूप टवाळी झाली. मला त्यात रस नाही. चौदा वर्षांत माणूस तोच राहिला यापेक्षा रचना तीच राहिली, हे मला जास्त विचार करायला लावतं.

तर १९ जुलैला नेमकं काय चुकलं? कंपनीनं ऑगस्टमध्ये सविस्तर अहवाल दिला. तो वाचताना मला माझा न्यायशास्त्राचा तास आठवला. क्राउडस्ट्राइकचं मुख्य सॉफ्टवेअर क्वचित बदलतं, पण त्याला कशावर नजर ठेवायची याच्या सूचनांच्या फाइली सतत येत असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी नव्या प्रकारच्या सूचना आणल्या. त्यांच्या नमुन्यात रकाने २१ होते. पण यंत्रावरचा जो भाग माहिती पुरवणार होता तो २० च पुरवत होता. एकविसाव्या रकान्याची माहिती वाचायला गेलं तर हात नसलेल्या खणात पडणार आणि गाभा थांबणार. मग मार्चपासून जुलैपर्यंत काही झालं कसं नाही? कारण तोवरच्या प्रत्येक फाइलीत एकविसाव्या रकान्यात “काहीही चालेल” अशी खूण होती. काहीही चालेल म्हटल्यावर तिथे बघायलाच कुणी जात नव्हतं. १९ जुलैच्या फाइलीत पहिल्यांदा तिथे खरी अट लिहिली गेली. यंत्र पहिल्यांदा तिथे बघायला गेलं.

आपल्या नैयायिकांनी या दोषाला नाव ठेवलेलं आहे: उपाधी. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. उलटं करून बघा: जिथे अग्नी तिथे धूर. स्वयंपाकघरात, होमात, शेकोटीत, सगळीकडे अग्नी आणि धूर बरोबर दिसतात. शंभर उदाहरणं देता येतील. तरी अनुमान चूक, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर होत होता तो ओल्या सरपणामुळे. ओलं सरपण ही उपाधी. शंभर उदाहरणांत गुपचूप हजर असलेली, कुणाच्या लक्षात न आलेली अट. उदाहरणांची संख्या वाढवून उपाधी सापडत नाही. ती सापडते उदाहरणाचा प्रकार बदलून. मार्च आणि एप्रिलमध्ये पाठवलेल्या सगळ्या सूचना सुखरूप पोहोचल्या, म्हणून ही पद्धत सुरक्षित, हे अनुमान नेमकं याच दोषाचं. “काहीही चालेल” ही त्यातली उपाधी होती.

फाइल पाठवण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम होता की नाही? होता. त्यानं फाइलीला पास केलं, कारण त्यानंही २१ रकाने मिळतील असंच धरलं होतं. तपासणाऱ्याला कोण तपासणार हा प्रश्न विचारत गेलं तर अनवस्था होते, तळ लागत नाही. व्यवहारात यावर उपाय साधा आहे: आधी थोड्या यंत्रांना पाठवा, तासभर बघा, मग पुढे जा. मुख्य सॉफ्टवेअरच्या बाबतीत कंपनी हे करत होती. ग्राहकालाही “आम्हाला एक आवृत्ती मागेच ठेवा” असं सांगता येत होतं, आणि पुष्कळ सावध संस्थांनी तसं सांगितलंही होतं. पण ती निवड सूचनांच्या फाइलींना लागू नव्हती. त्या सगळ्यांना एकदम जात. म्हणजे ज्यांनी निर्णय स्वतःच्या हातात ठेवण्याचा रीतसर प्रयत्न केला होता, त्यांची यंत्रंही इतरांबरोबरच पडली.

चूक लक्षात आली तेव्हा कंपनीनं फाइल मागे घेतली. १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांत. पण मागे घेतली ती पुढे न जाण्यापुरती. जी यंत्रं पडली होती ती सुरूच होत नव्हती, मग त्यांना नवी फाइल मिळणार कशी? उपाय असा होता: प्रत्येक यंत्रापाशी जा, ते सेफ मोडमध्ये सुरू करा, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जा, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल पुसा, पुन्हा सुरू करा. पाच मिनिटांचं काम, एका यंत्राला. ज्यांच्याकडे चाळीस हजार यंत्रं आहेत त्यांनी गुणाकार करावा. शिवाय सावध संस्थांच्या डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असतात. ते उघडायला ४८ आकडी किल्ली लागते. ती किल्ली जिथे साठवलेली, तो सर्व्हरही काही ठिकाणी निळा पडदा दाखवत बसलेला. मग कुणीतरी फोनवर आकडे वाचतोय आणि दुसऱ्या टोकाला विमानतळावरच्या काउंटरखाली वाकून कुणीतरी ते टाइप करतोय. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची काही यंत्रं नुसती बंद-चालू करून सावरली, काही वेळा पंधरा वेळा करून. क्राउडस्ट्राइकच्याच सांगण्यानुसार ९९ टक्के यंत्रं पूर्ववत व्हायला २९ जुलै उजाडला.

हार्वर्डच्या त्या खोलीपासून आपण इथवर आलो. ठिगळ लावायचा निर्णय टेक्सासमधल्या कंपनीत, परिणाम जगभर, आणि उसवलेलं शिवणारे हात पुन्हा यंत्रापाशीच. फक्त ते हात आता अशा माणसाचे, ज्याला ठिगळात काय होतं हे माहीत नाही, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि ज्याची शनिवार-रविवारची सुट्टी गेली. आयटी विभागातल्या या मुलांबद्दल कुठे फारसं लिहून आलं नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे २४ सप्टेंबरला कंपनीच्या अधिकाऱ्यानं माफी मागितली. डेल्टा विमान कंपनीची पाच दिवसांत ७ हजारांच्या आसपास उड्डाणं रद्द झाली, ती कोर्टात गेली. नुकसानीचा हिशोब मोठ्यांचा होतो.

एक गंमत सांगून टाकतो. साउथवेस्ट ही विमान कंपनी वाचली कारण तिची यंत्रं विंडोज ३.१ वर चालतात, अशी बातमी तेव्हा फिरली. त्याला आधार नव्हता. पण लोकांना ती हवी होती. जुनं तेच बरं, हे ऐकायला आपल्याला आवडतं.

पुढे काय झालं? क्राउडस्ट्राइकनं सूचनांच्या फाइलीही टप्प्याटप्प्यानं द्यायला सुरुवात केली, आणि त्या कधी घ्यायच्या यावर ग्राहकाला थोडा ताबा दिला. मायक्रोसॉफ्टनं सुरक्षा कंपन्यांना गाभ्याबाहेर काम करता येईल अशी सोय करायचं ठरवलं. निळा पडदाही गेला. २०२५ मध्ये त्यांनी तो काळा केला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी एक घोषणा झाली: सुरूच होऊ न शकणारं यंत्र दुरूनच दुरुस्त करायची व्यवस्था. म्हणजे निर्णयापाठोपाठ आता दुरुस्तीही केंद्राकडे निघाली आहे. काउंटरखाली वाकणाऱ्या त्या मुलाचे कष्ट यातून वाचतील, यात शंका नाही. पण पडलेल्या, स्वतःचं काही सांगू न शकणाऱ्या यंत्रात दुरून शिरायचा हा नवा दरवाजा कुणी, कसा तपासायचा, यावर चर्चा जेवढी व्हायला हवी तेवढी होताना दिसत नाही.

इथे समोरून एक चिठ्ठी आली आहे: “सर, मग घरच्या कॉम्प्युटरवरचं अपडेट बंद करू का?” नका करू. २००३ आणि २०१७ मी उगाच नाही सांगितलं. दोन-चार दिवस थांबून घ्यायची सोय असेल तर ती जरूर वापरा. तेवढ्यात गडबड असेल तर बाहेर येते. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क एरवी जोडून ठेवू नका. आणि ती ४८ आकडी किल्ली असेल ना, ती कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याच कॉम्प्युटरमध्ये नाही.

आणखी कुणाचे प्रश्न असतील तर घेऊ.